घरमालकांचे फारोल

पेडण्याला मी अकरा वर्षं ज्या घरात भाड्यानं राहिलो, त्याच्या तीन भिंती माझ्याकडे होत्या. चौथी, पश्चिमेची, घरमालकांनी स्वतःकडे ठेवली होती. म्हणजे आतून ती माझी. खिळा ठोका, कॅलेंडर लावा. बाहेरून ती त्यांची. करारात तसं कलमच होतं : 'पश्चिम भिंतीची बाहेरील बाजू मालकाच्या वापरात राहील.' मी मोजणी खात्यात सर्व्हेअर आहे. हद्दीची भांडणं रोज बघतो. पण एका भिंतीच्या जाडीतून हद्द गेलेली मी तिथंच पहिल्यांदा पाहिली.

घर बघायला गेलो तेव्हा माणसं किती, मासे खाता का, पाणी किती लागतं, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"टेप आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. तीस मीटरची."

"स्वतःची की सरकारची?"

"स्वतःची."

"मग घर तुमचं," ते म्हणाले, आणि चावी काढून दिली.

टेप कशाला ते मला आठवड्याभरात कळलं. त्या भिंतीसमोर त्यांनी अंगण मुद्दाम लेव्हल करून घेतलं होतं आणि भिंतीपासून साडेसात मीटरवर सिमेंटमध्ये एक पट्टी बसवली होती. गाडीचं तोंड त्या पट्टीवर आणायचं, दिवे लावायचे, आणि उजेड भिंतीवर कुठं पडतो ते बघून कोळशानं खुणा करायच्या. दोन दिव्यांच्या दोन फुल्या, आणि फुल्यांच्या साडेसात सेंटिमीटर खाली एक आडवी रेघ. डिपर मारल्यावर समोरून येणाऱ्याच्या बाजूचा उजेड त्या रेघेच्या वर जाता कामा नये. रेघ बरोबर साडेसातवर आहे की नाही, हे बघायला मी आणि माझी टेप.

फुल्यांच्या बरोबर वर आमच्या झोपायच्या खोलीचं जनेल होतं. पहिल्याच आठवड्यात माझी बायको दिवेलागणीला देवापुढं वात लावायला गेली, तर खोली आधीच उजळलेली. तिला क्षणभर वाटलं, देवच पावला. मग बाहेरून आवाज आला, "सर्व्हेअर, टेप घेऊन या!" आम्ही जनेलाला जाड तांबडा पडदा लावला. तो त्यांनी काढायला लावला. तांबड्या रंगामुळं उजेडाचा अंदाज चुकतो, असं त्यांचं म्हणणं.

गाडी म्हणजे काळी, बुटकी, गोल डोळ्यांची. त्यांचे वडील पोर्तुगीज काळात ती भाड्यानं चालवायचे. पेडण्याहून माणसं घेऊन नदीवर होडीच्या तरीपर्यंत सोडायचे. मुक्तीच्या वेळी आमचे घरमालक पाच वर्षांचे होते. म्हणजे पोर्तुगीज राज्याचा त्यांचा अनुभव पाच वर्षांचा, आणि त्यातली दोन वर्षं पाळण्यातली. पण बोलताना ते त्या काळाबद्दल असं बोलत की जणू रस्त्याचं डांबर यांनीच उभं राहून घालून घेतलं होतं. हेडलाईट हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. ते 'फारोल' म्हणत. तो वडिलांचा शब्द. नट ढिला झाला तरी ते म्हणायचे, "पोर्तुगीज नट आहे. ढिला झालेला नाही, विश्रांती घेतोय."

एकदा फारोलाची काच पुसताना मला तिच्यावर इंग्रजीत कारखान्याचं गाव कोरलेलं दिसलं. गाव इंग्लंडमधलं होतं. मी त्यांना दाखवलं.

"काका, गाडी इंग्लिश दिसते."

"आली कोणाच्या राज्यात?"

"पोर्तुगीजांच्या."

"मग पोर्तुगीज," ते म्हणाले. या हिशेबानं त्यांच्या अंगणातला मूळ ब्राझीलचा काजूसुद्धा पोर्तुगीज ठरत होता.

त्यांचं एक वाक्य सगळ्या पेडण्याला पाठ होतं : "उजेड रस्त्याला दाखवायचा असतो, माणसाच्या तोंडाला नव्हे." यात चूक काहीच नाही. नवा विमानतळ झाल्यापासून आमच्या रस्त्यांवर भाड्याच्या मोठमोठ्या गाड्या फिरतात. त्यांच्या पांढऱ्या दिव्यांनी समोरच्याला आपला हातसुद्धा दिसत नाही. बाकीचे शिव्या घालून पुढं जातात. आमचे घरमालक थांबायचे. रस्त्याच्या मधोमध गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, उतरायचं आणि समोरच्याच्या काचेवर टिचकी मारायची. पर्यटक बिचारा घाबरून पाकीट काढायचा. हे त्याला विचारायचे, "डिपर कसा मारतात ठाऊक आहे? दाखवा." तो मारून दाखवीपर्यंत हे हलत नसत. मागं रांग लागायची. एकदा त्या रांगेत मामलेदारांची गाडी होती. त्यांनाही डिपर मारून दाखवावा लागला.

काकांच्या बायकोला सगळे माई म्हणायचे. त्यांचं माहेर कोरगावचं. दर सोमवारी संध्याकाळी तिथल्या देवळात भजन असायचं, आणि माई त्या भजनाला लग्नानंतर एकदाही चुकल्या नव्हत्या. काका गाडी चालवायचे, माई शेजारी बसायच्या. मी टाळ धरतो, म्हणून मागच्या सीटवर मी.

वाटेत माई बोलत असायच्या. सुरुवातीला मला वाटलं, म्हाताऱ्या बाईची बडबड आहे. काकाही तसंच म्हणत : "ती बडबडते, मी चालवतो." एका सोमवारी मला सहज सवयीनं मोजावंसं वाटलं. घरापासून देवळापर्यंत आठ किलोमीटर दोनशे मीटर. तेवढ्यात माई एक्केचाळीस वेळा बोलल्या. "म्हस." "दावें वळण." "सायकलवालो." "खड्डो आयलो." "बाजू दी, टेंपो." काकांनी एकदाही उत्तर दिलं नाही. पण "म्हस" म्हटल्यावर पाय ब्रेकवर जायचा आणि "दावें" म्हटल्यावर स्टिअरिंग डावीकडं वळायचं. मी पुढच्या दोन सीटांमधून वाकून रस्ता पाहिला. म्हैस ज्या क्षणी मला दिसत होती, त्याच क्षणी माईंना दिसत होती. काकांना ती माईंकडून कळत होती.

देवळात पाय धुताना मी माईंना हळूच म्हटलं, "माई, काकांना दिसत नाही वाटतं."

"माका दोन वर्सां खबर आसा," त्या म्हणाल्या. "डॉक्टराकडं चला म्हटलें की म्हणतात, फारोल बारीक जाल्यात. तुमी गप रावात, सर्व्हेअर. हांव आसां मगो."

मी गप्प राहिलो. त्याचा मला आज अभिमान वाटत नाही. त्या गाडीत दर सोमवारी मीही बसत होतो.

तर काकांच्या मते त्यांचे डोळे बरोबर होते, फारोल म्हातारे झाले होते. मग फारोलांवर उपचार सुरू झाले.

पेडण्याच्या बाजारात यल्लाप्पा म्हणून गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक बेळगावकडचा माणूस आहे. त्यानं येऊन मीटर लावला. बॅटरीवर बारा पॉइंट चार व्होल्ट होते, आणि बल्बापर्यंत पोचेपर्यंत दहा पॉइंट सहा उरत होते. आकडे मी लिहून घेतले.

"काय ओ मालक," यल्लाप्पा म्हणाला, "वायर सुतळीगत बारीक हाय. सगळा करंट ह्या जुन्या स्विचातनंच फिरून येतोय. वाटंतच जीव जातोय त्येचा. रिले बसवूया. बॅटरीवरनं जाड वायर सरळ दिव्याला. स्विचानं नुसता हुकूम करायचा."

"म्हणजे साहेब आणि शिपाई," काका म्हणाले.

"तसंच की ओ."

रिले बसले. बल्बावर बारा पॉइंट एक आले. मी भिंतीसमोर उभा राहून सांगतो, फरक खरोखर होता. आधी त्या उजेडात मला वर्तमानपत्राचा फक्त मथळा वाचता येत होता. आता श्रद्धांजलीच्या जाहिरातीतलं लहान अक्षर दिसू लागलं. काका पंधरा दिवस खूश होते. सोळाव्या दिवशी म्हणाले, "सर्व्हेअर, परत बारीक झाले."

मग जास्त ताकदीचे बल्ब आले. ते गाडीच्या डायनामोला झेपेनात. दिवे लावले की हॉर्न मांजराच्या पिल्लासारखा म्याँव करायचा आणि वायपर काचेच्या मधेच उभा राहायचा. "आता ठरवा मालक," यल्लाप्पा म्हणाला, "बघायचं का वरडायचं." काकांनी बघायचं ठरवलं. ओरडायला माई होत्या.

भिंतीवर फुल्या वाढत चालल्या. प्रत्येक बदलाला नव्या फुल्या, आणि जुन्या पुसायच्या नाहीत; तुलनेला लागतात. शेवटी शेवटी चौतीस झाल्या. माझ्या सासूबाई एकदा राहायला आल्या. त्यांनी त्या फुल्या बघून माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "कोणी काही करणी तर केली नाही ना?"

याच सुमारास मांद्र्याचा एक हॉटेलवाला गाडीच्या मागं लागला. त्याला ती हॉटेलच्या फाटकात उभी करायची होती. बॉनेट उघडून आत माती भरायची आणि फर्न लावायचे. एके सकाळी बाजारात न्हाव्याच्या दुकानासमोर तो काकांना म्हणाला, "द्या हो आता. गाडीचे डोळे गेलेत. पुढच्या महिन्यात पुनर्नोंदणीला न्याल तेव्हा इन्स्पेक्टर दिव्यांवरच नापास करणार."

दुकानात चार माणसं होती, एकाच्या तोंडाला साबण लावलेला. त्यांच्यासमोर काका म्हणाले, "फारोलांवरून नापास झाली तर त्याच दिवशी घेऊन जा. फुकट."

घरी येऊन हे त्यांनी माईंना मोठ्या आनंदानं सांगितलं. माई खोबरं किसत होत्या. त्यांचा हात थांबला. "आनी सोमवारीं हांव कोरगावां कशें वचूं? फर्नाच्या पानार बसून?"

"नापास होणारच नाही," काका म्हणाले.

आता साधा उपाय चालणार नव्हता. काकांचा एक वर्गमित्र होता, त्याचा मुलगा लिस्बनला असतो. त्याला फोन गेला. महिन्याभरात दोन टॉवेलांत गुंडाळलेले दोन नवेकोरे फारोल आले. तितकेच मोठे, तितकेच गोल, काच अशी स्वच्छ की तीत माझा चष्मा दिसत होता. काकांनी ते आधी देवापुढं ठेवले, मग यल्लाप्पाच्या हातात दिले.

संध्याकाळी गाडी पट्टीवर आणली. दिवे लावले. डिपर मारला. यल्लाप्पानं भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्ये उलटं हाय ओ," तो म्हणाला.

डिपरचा उजेड भिंतीवर सरळ आडवा पडत नाही. एका बाजूला तो जरा वर चढतो, म्हणजे रस्त्याच्या कडेची माणसं, गुरं, दगड दिसावेत. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपला उजेड डावीकडं चढतो. या भिंतीवर तो उजवीकडं चढत होता. पोर्तुगालमध्ये गाड्या उजवीकडून चालतात. तिथला दिवा तिथल्या कडेची गुरं दाखवणार. इथं तो समोरून येणाऱ्याच्या बुबुळात जाणार. मी टेप लावली. आमच्या जनेलाचा उजवा कोपरा लख्ख उजळला होता, डावा अंधारात. मी आकडे सांगितले.

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर्व्हेअर, तुम्ही जमीन मोजा. ज्यांनी अर्ध्या जगाला जहाजानं वळसा घातला, त्यांना डावं-उजवं तुम्ही शिकवणार?"

"मालक, रस्ता कुठल्या अंगाचा ते तरी बगा की," यल्लाप्पा म्हणाला.

"रस्ताही पोर्तुगीजांनीच केलेला आहे," काका म्हणाले. विषय संपला.

त्या सोमवारी आम्ही कोरगावला निघालो. समोरून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला दिवे मारत होती. उघड-बंद, उघड-बंद. एकानं तर दोनशे मीटर लांबून सुरुवात केली. काकांचा चेहरा फुलला. त्यांना त्या झगमगाटाखेरीज पुढचं काही दिसत नसावं, पण झगमगाट बरोबर दिसत होता.

"बघितलंत?" ते म्हणाले. "लोक गाडीला सलाम करतात. इतकी वर्षं कोणी केला नव्हता. हा फारोलांचा प्रताप."

आणि ते प्रत्येक सलामाला हात वर करून उत्तर देऊ लागले. म्हणजे एक हात स्टिअरिंगवर. माईंची त्या दिवशीची संख्या अठ्ठावन्न झाली. एका वळणावर माशांचा टेंपो करकचून थांबला आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर आला. "ए म्हाताऱ्या! आमचे दोळे फोडूंक भायर सरलो काय? बत्ती सकयल घे! डिपर मार!"

काकांनी हात वर केला आणि गाडी पुढं घेतली. "काय म्हणत होता?" त्यांनी विचारलं.

माई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "फारोल खंयचे म्हूण विचारतालो."

"सांगायचं होतं लिस्बनचे," काका म्हणाले.

ज्या माणसानं मामलेदारांना डिपर शिकवला, तो आठवडाभर सगळ्या तालुक्याचे डोळे दिपवत फिरला आणि सलाम घेत राहिला. कोणी उतरून त्याच्या काचेवर टिचकी मारली नाही. तसं करणारा पेडण्यात एकच माणूस होता, आणि तो ही गाडी चालवत होता.

तपासणीच्या दिवशी आम्ही चौघं गेलो. काका, माई, यल्लाप्पा आणि मी. माईंच्या मांडीवर झाकलेली पाटी होती, वर केळीचं पान. मला वाटलं, परत येताना बाजारहाट करायचा असेल. परिवहन कार्यालयाच्या मैदानात इन्स्पेक्टर उभा होता. पस्तिशीचा, शांत. त्यानं ब्रेक बघितले, चेसिसचा नंबर बघितला. मग मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावायला सांगितले.

"काका," तो म्हणाला, "डिपर उजवीकडं चढतो. हा दिवा आपल्या रस्त्याचा नाही. असा पास होणार नाही."

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता पोर्तुगीज जहाजं निघणार. पण त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. त्यांना ती न्हाव्याच्या दुकानातली चार माणसं आठवली असावीत. बॉनेटमध्ये माती भरलेली मला तर दिसतच होती.

माई खाली उतरल्या. पाटीवरचं पान काढलं. आत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले जुने दोन्ही फारोल होते.

"साहेबा," त्या इन्स्पेक्टरला म्हणाल्या, "अर्दो तास दितात?"

इन्स्पेक्टरनं घड्याळ बघितलं. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत या."

यल्लाप्पानं आंब्याखाली बसून सत्तावीस मिनिटांत फारोल बदलले. मी घड्याळ लावलं होतं. बल्बसुद्धा त्यानं जुनेच घातले. हॉर्न परत माणसासारखा वाजू लागला. परत शेड, परत दिवे. डिपर डावीकडं चढला, हवा तितकाच.

"आता बरोबर," इन्स्पेक्टर म्हणाला. "एक फेरी मारू."

आणि तो माईंच्या सीटवर बसला.

आम्ही तिघं आंब्याखाली उभे होतो. माईंनी माझं मनगट धरलं. मैदानात काही म्हैस नव्हती, सायकलवाला नव्हता. फक्त वळणाच्या जागी एक पांढरं रंगवलेलं पिंप होतं. इन्स्पेक्टर कागदात बघत होता. गप्प होता. गाडी सरळ, संथ, मोठ्या रुबाबात त्या पिंपाकडं गेली.

"दावें," माई पुटपुटल्या. "दावें... दावें, अहो!" पण त्या साठ मीटर लांब होत्या.

पिंप आडवं झालं. रिकामं होतं, त्यामुळं आवाज फार मोठा झाला. गाडीला ओरखडाही आला नाही.

इन्स्पेक्टर उतरला. त्यानं पिंप उभं केलं, कागदावर सही केली, शिक्का मारला. "गाडी पास," तो म्हणाला. मग त्यानं काकांचं लायसन्स मागून घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. "तुमचं हे पुढच्या महिन्यात संपतं. डोळ्यांचा दाखला असल्याशिवाय माझ्याकडं येऊ नका. आणि काका, तोपर्यंत चालवू नका."

परतताना गाडी यल्लाप्पानं चालवली. अर्ध्या वाटेवर काका म्हणाले, "पिंप चुकीच्या जागी ठेवलंय." यल्लाप्पानं गिअर बदलला. थोड्या वेळानं ते परत म्हणाले, "पण फारोल पास झाले. फर्नवाल्याला कळवा."

डॉक्टरकडं जायला मात्र ते तयार नव्हते. आठवडाभर हे चाललं. मी माझ्या परीनं प्रयत्न केला. एका संध्याकाळी भिंतीवर दोन फुल्यांच्या मध्ये कोळशानं तळहाताएवढ्या अक्षरांत त्यांच्याच गाडीचा नंबर लिहिला, दिवे लावले आणि त्यांना पट्टीवर ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"काका, भिंतीवर काय लिहिलंय?"

त्यांनी बराच वेळ बघितलं. "कसलं लिहिणं? ओल आलीय भिंतीला. चुना काढावा लागेल."

पलीकडून, त्यांच्या स्वयंपाकघराच्या जनेलातून, माईंनी नंबर मोठ्यानं वाचून दाखवला. ते जनेल भिंतीपासून सोळा मीटरवर आहे.

काका दिवे बंद करून उतरले. पुढच्या सोमवारी संध्याकाळी, इन्स्पेक्टरनं सांगितलं होतं तरी, त्यांनी गाडी बाहेर काढली आणि हॉर्न वाजवला. माई केसांत अबोलीचा वळेसर माळून आल्या. पुढचं दार उघडलं नाही. मागचं उघडून माझ्या शेजारी बसल्या.

"ही काय जागा?" काका म्हणाले.

"हांव आज फाटीं बसतां. आनी कायच सांगचें ना. तुमी चलयतात मगो? चलयात. हांव बडबडतां नुस्ती."

काकांनी इंजिन चालू ठेवलं. समोर फाटक होतं, फाटकापलीकडं रस्ता. दोन मिनिटं गेली. मग त्यांनी इंजिन बंद केलं. लग्नानंतर पहिल्यांदाच माईंचं भजन चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका न सांगता म्हापशाच्या बसमध्ये बसले आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डावा जास्त पिकला होता. दोन्ही निघाले.

हिरवी पट्टी सुटली, थेंब संपले, दाखला आला, लायसन्स आलं. त्याच संध्याकाळी हाक आली, "सर्व्हेअर, टेप!"

गाडी पट्टीवर होती. फारोल तेच, वडिलांच्या काळचे, पिवळे. काका सीटवर बसून भिंतीकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर विजय होता.

"बघा! मी काय म्हणत होतो? जुना माल. महिनाभर विश्रांती दिली, कसे पेटले बघा! लिस्बनचे याच्यापुढं काहीच नाहीत."

"काका, ऑपरेशनमुळं..."

"ऑपरेशन माझं झालं," ते म्हणाले. "फारोलांचं नाही."

मग ते उतरून भिंतीजवळ गेले. हात मागं बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. चौतीस फुल्या, सतरा रेघा, मधोमध गाडीचा नंबर. पहिल्यांदाच त्यांना ते सगळं एकत्र दिसत होतं. माझ्याकडं वळून फार दुःखानं म्हणाले, "सर्व्हेअर, तुम्हाला दिली तेव्हा ही भिंत पांढरी होती."

मी करार आणून कलम दाखवू शकलो असतो. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी चुना आणला. दोन हात दिले तरी फुल्या खालून दिसत राहिल्या. तिसरा दिला.

डिचोलीला माझं घर बांधून झालं होतं. तिथं जाण्याआधीच्या शेवटच्या सोमवारी मी टाळ घेऊन मागच्या सीटवर बसलो. माई पुढं. काका उत्तम चालवत होते. वळणं त्यांना दिसत होती, खड्डे दिसत होते. समोरून आलेल्या पांढऱ्या दिव्यांच्या गाडीला त्यांनी थांबवून डिपर शिकवला. माई हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत गप्प बसल्या होत्या. मी मोजत होतो. संख्या शून्य होती. चार किलोमीटर असे गेले.

मग काकांनी गाडीचा वेग कमी केला.

"अगो, निदलीस काय?"

"ना."

"मग उलय. बडबड."

"कित्याक? आतां दिसता मगो तुमकां?"

"दिसता," काका म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "पूण माका रस्तो लांब लागता."

माईंनी पिशवीचा बंद सोडला. पुढं सरळ, मोकळा रस्ता होता. दोन्ही बाजूंना काजू. वडिलांच्या फारोलांचा पिवळा उजेड पडला होता, आणि त्यात दूरवर काहीही नव्हतं. मीही नीट बघितलं.

"म्हस," माई म्हणाल्या.

काकांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी थांबली. माझे टाळ सीटखाली जाऊन वाजले. काकांनी मान पुढं काढून रस्ता बघितला, मग डावीकडं, मग उजवीकडं.

"खंय?"

माईंनी खिडकीची काच खाली केली. "गेली," त्या म्हणाल्या. "चलात आतां."